‘कसं पडलं ते दाखवा’

बोर्डे मॅडम चिडल्या की आधी त्यांचा चष्मा डोक्यावर जायचा. चष्मा काढला की समोरचा माणूस धूसर दिसतो आणि धूसर माणसाशी भांडायला सोपं जातं, असं त्या स्वतःच सांगायच्या. सरकारी दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात मी त्यांच्या हाताखाली सिस्टर होते. त्या सगळ्या वर्षांत मी तो चष्मा नाकावर कमी आणि डोक्यावरच जास्त पाहिला.

डॉ. सुलभा बोर्डे. फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातली बाई. ठेंगणी, अंगानं भरलेली, केसांचा घट्ट अंबाडा, पायांत टाचेकडं झिजलेल्या चामडी चपला. बाहेरगावचे मोठे डॉक्टर आले की पुस्तकातलं बोलायच्या, ते गेले की पुन्हा गावाकडचं. “काय व्हायलंय रे बाळा?” असं त्यांनी विचारलं की तापानं फणफणलेलं पोरही उत्तर द्यायचं. पांढरा कोट त्या वॉर्डाच्या दाराशीच खुंटीला अडकवायच्या, कारण पोरं कोटाला भितात. राउंड कधी उभ्यानं घेतला नाही. खाटेवर पोराच्या पायथ्याशी बसायच्या, तिथं जागा नसली तर सरळ फरशीवर. पर्समध्ये फुटाणे असायचे. पोरांना द्यायला म्हणून आणलेले अर्धे त्याच खायच्या.

‘बिचारं’ हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. नवीन आलेली एखादी सिस्टर म्हणाली, “किती बिचारं आहे हो ते,” की मॅडम तिथंच गाठायच्या. “बिचारं म्हणलं की आपलं काम संपलं असं वाटतं माणसाला. नाव नाय का त्याला? नावानं बोल.”

आमच्या वॉर्डात सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘पोर पडलं’. झाडावरून, गच्चीवरून, बापाच्या मोटारसायकलवरून. बहुतेक पोरं खरोखरच पडलेली असायची. पण काहींच्या अंगावरच्या खुणा आणि सांगितलेली गोष्ट यांचा मेळ बसायचा नाही. दुसरे डॉक्टर अशा वेळी खाली मान घालून प्लास्टर घालायचे. मॅडम म्हणायच्या, “कसं पडलं ते दाखवा.” सांगा नाही, दाखवा.

मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा असंच एक बाळ आलं. दोन महिन्यांचं असेल. मांडीचं हाड मोडलेलं. आईबाप अगदी कोवळे. बाप मोंढ्यातल्या धान्यबाजारात हमाली करायचा. तो म्हणाला, पाळण्यातून पडलं. आईला मॅडमनी बाजूला नेऊन विचारलं, तर ती म्हणाली, पलंगावरून. मॅडमनी खाटेवरची चादर घेतली, तिची बाळाएवढी वळकटी केली आणि बापाच्या हातात दिली.

“हे तुमचं बाळ. कसं पडलं ते दाखवा, दादा.”

तो ओशाळं हसला. वळकटी त्यानं खाटेवर ठेवली. “असं निजलं होतं. मग त्यानं कूस बदलली...”

“एवढं पोर कूस बदलत नाय. परत दाखवा.”

त्यानं वळकटी पुन्हा उचलली. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्याचे हात तिच्या दोन्ही बाजूंनी आवळले गेले. तसाच उभा राहिला. “रडायचं थांबतच नव्हतं, मॅडम,” तो म्हणाला. “मी कामावरून आलतो. थांबतच नव्हतं.” आणि मटकन खाली बसला.

मॅडम ओरडल्या नाहीत. मला म्हणाल्या, “वत्सला, त्याला पाणी दे.” त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या, तो रडायचा थांबेपर्यंत बसून राहिल्या. मग उठल्या आणि पोलिसांना कळवलं. मला त्याचं नवल वाटलं. मी तसं म्हणालेही. “पाणीबी द्यायचं आणि पोलीसबी बोलवायचे,” त्या म्हणाल्या. “एक केलं म्हणून दुसरं सोडायचं नसतं.”

हवालदार आला. त्यानं बाळाकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि टोपी काखेत धरून म्हणाला, “मॅडम, घरातला मामला हाय हा. बापच हाय ना त्यो? कशाला वाढवता?”

चष्मा डोक्यावर गेला. “बाप हाय म्हणूनच तुम्हाला बोलवलं. वाघ असता तर फॉरेस्टवाल्यांना बोलवलं असतं.”

हवालदारानं काहीतरी लिहून घेतलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बापाचे भाऊ चार माणसं घेऊन आले. आमचं पोर आम्ही आमच्या जबाबदारीवर घरी नेतो म्हणाले. मॅडम दारात उभ्या राहिल्या. तेवढ्यात दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. आपल्याकडं कुठला हुकूम नाही, बळजबरीनं पोर ठेवून घेता येणार नाही, असं साहेबांचं म्हणणं. त्या आत भांडत होत्या तोवर इकडं मागच्या दाराच्या उतारावरून बाळ गेलंसुद्धा. पाय प्लास्टरमध्ये तसाच. मी अडवायला गेले तर त्यातल्या एकानं मला नुसतं खांद्यानं बाजूला सारलं.

संध्याकाळी आम्ही दोघी पत्ता शोधत गेलो. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, गावाकडं गेले. कुठलं गाव? तिला ठाऊक नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. मॅडम तिथल्याच ओट्यावर बसल्या. “त्याचं प्लास्टर कोण काढणार आता?” एवढंच म्हणाल्या. त्या बाळाचं पुढं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. वॉर्डातली असली कामं अर्धवटच राहायची. एरवी आजार बरा होतो किंवा पोर दगावतं, पण काहीतरी एक कळतं. इथं काहीच कळायचं नाही.

मॅडम नेहमी बरोबरच असत असंही नाही. एकदा एका भिक्षुकाच्या घरचा मुलगा आला, पाठीवर आणि दंडांवर काळेनिळे डाग. घरात तापट म्हणून आजीचं नाव निघालं. मॅडमनी त्या म्हातारीला भर वॉर्डात इतकं उलटसुलट विचारलं की ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. चार दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. मुलाला रक्त न गोठण्याचा आजार होता. त्या रविवारी मॅडम त्यांच्या घरी गेल्या, मला बरोबर घेऊन. म्हातारीनं दार अर्धंच उघडलं. “औषध तुम्हीच द्या, डॉक्टर. हाताला गुण आहे तुमच्या. पण घरी येऊ नका.” मॅडम हात जोडून परत फिरल्या. जिना उतरताना म्हणाल्या, “बरोबर आहे तिचं.” मला वाटलं, आता जरा मऊ होतील. सोमवारी पहिल्याच पेशंटच्या बापाला त्यांनी तोच प्रश्न विचारला. माझ्या चेहऱ्यावरचं त्यांना दिसलं असावं. “मी एकदा चुकले म्हणून विचारायचं सोडलं, तर ज्याला खरंच मारलंय त्यानं कुणाकडं बघायचं?” 

वाळूजची ती मुलगी आली तेव्हा मे महिना होता. चार वर्षांची, नाव रूपाली. आईबाप दोघंही ठेकेदाराकडून कारखान्यात लागलेले, दोघांची पाळी एकच. पोरीला पत्र्याच्या खोलीत भाताची ताटली आणि पाण्याचा गडू देऊन बाहेरून कडीकुलूप लावून जायचे. त्या दिवशी दुपारी समोरच्या खोलीतल्या नसीमा खालाला आतून आवाजच येईना. तिनं दगडानं कुलूप तोडलं आणि बेशुद्ध पोर उचलून रिक्षानं आमच्याकडं आणलं. तापलेल्या पत्र्याखाली पार करपून गेली होती ती. दोन दिवस सलाईन चालली तेव्हा डोळे उघडले.

आमचा एक शिकाऊ डॉक्टर संतापला. “असल्या आईबापांना आत टाकलं पाहिजे.”

“टाक,” मॅडम म्हणाल्या. “मग पोरगी कुठं टाकतोस?”

त्यांनी आईला समोर बसवलं. ती नुसती पदर पिळत होती. “मला काय कळत नाय का मॅडम? कुलूप लावताना रोज हात धजत नाय माझा. पण उघडं ठेवलं तर लेकरू रस्त्यावर जातंय, कंपनीच्या गाड्या कशा पळत्यात तुम्ही बघा.”

मॅडम बघायला गेल्या. सुट्टीच्या दिवशी मला घेऊन वाळूजला. दोघांपैकी एकाची पाळी बदलून द्या, एवढंच मागणं होतं. ठेकेदार म्हणाला, पाळ्या कंपनी लावते. गेटवरचा साहेब म्हणाला, आमचा काही संबंध नाही, ठेकेदार लावतो. पुन्हा ठेकेदाराकडं. त्यानं आम्हाला थंड पेय मागवलं. मॅडमनी ते घेतलं नाही. “एका माणसानं सकाळऐवजी दुपारी यावं, एवढ्यासाठी कुणाच्या पाया पडायचं ते तरी सांगा,” असं त्या उन्हात उभ्या राहून म्हणत होत्या आणि तो मनगटावरचं घड्याळ बघत होता.

हात हलवत आम्ही त्या गल्लीत आलो. नसीमा खाला दारात लसूण सोलत बसली होती. साठीची बाई, मुलगा-सून कामाला, दिवसभर घरी एकटीच. मॅडमनी तिला सगळं सांगितलं.

“तो बच्ची कू मेरे पास छोड़ो बोलो ना, डाक्टरनी,” ती म्हणाली. “मैं तो दिनभर घर में इच रैती.”

“मग आधी का नाय विचारलं त्यांनी तुम्हाला?”

“उनो पूछेच नै.” खालानं सोललेली पाकळी ताटात टाकली. “हम भी पूछे नै.”

समोरासमोरची दोन दारं, मध्ये एक गटार. मॅडम त्या दिवशी ठेकेदारापेक्षा या उत्तरावर जास्त चिडल्या. परतीच्या बसमध्ये सारखं तेच. “अगं, एक पाऊल टाकलं की त्या दारातून या दारात. पोरगी मेली असती, वत्सला. विचारायचं राहिलं म्हणून मेली असती.” रूपाली खालाकडं वाढली, पुढं शाळेत गेली, हे आमच्या खात्यावरचं एक बरं झालेलं काम. पण त्या गल्लीत अशी कुलपं आणखी होती. तिथं पाळणाघर व्हावं म्हणून मॅडम किती वर्षं हिंडल्या. आधी जागा नाही म्हणाले. जागा मिळवली तर बाई नेमायला मंजुरी नाही. मंजुरी आली तोवर जागा दुसऱ्याच कुणीतरी घेतली. पाळणाघर काही झालं नाही.

मग लैंगिक अत्याचारांविरुद्ध मुलांसाठी वेगळा कायदा आला. मॅडमना इतकं खूश झालेलं मी क्वचितच पाहिलं. सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले. “आता कुणी घरातला मामला म्हणून तर दाखवा,” म्हणाल्या.

त्यानंतरच गारखेड्याची ती मुलगी आली. तिचं खरं नाव मी सांगणार नाही, मुक्ता म्हणू. अकरा वर्षांची, हुशार, नीटनेटकी. वडील बँकेत. तक्रार एकच, पोट दुखतं. सोनोग्राफी झाली, सगळ्या तपासण्या झाल्या, कशात काही नाही. एका डॉक्टरनं तर नाटक म्हणून सोडून दिलं. मॅडम दुपारी तिच्याशी फरशीवर सागरगोटे खेळत बसायला लागल्या. पहिले दोन दिवस नुसता खेळ. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या खाटेवर औषध देत होते तेव्हा त्यांनी सहज विचारलं,

“दुखतं कधी गं जास्त?”

“आई देवळात गेली की.”

“तवा घरी कोण असतं?”

मुक्तानं मूठ मिटली. गोटे आतच राहिले. “काका,” ती म्हणाली.

मॅडमनी पुढं काही विचारलं नाही. “बरं. टाक, डाव तुझाच हाय.” दुसऱ्या दिवशी मुक्तानं स्वतःहून सगळं सांगितलं. मॅडम बाहेर आल्या आणि बेसिनपाशी कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिल्या.

पुढचे दिवस मला आठवले तरी डोकं तापतं. आई म्हणाली, “मला माहीत होतं असं म्हणू नका. मला नुसतं वाटत होतं.” वडील म्हणाले, चारचौघांत आमची मान आहे, भावाचं आम्ही घरातल्या घरात बघून घेऊ. कुणा मोठ्या माणसाचा साहेबांना फोन आला. साहेबांनी मॅडमना बोलावलं. दार उघडंच होतं, मी बाहेर उभी होते.

“तुमचं काम पोट तपासायचं. पोट नॉर्मल आहे ना? मग घरी सोडा.”

“सर, न कळवणं हाच आता गुन्हा हाय. कळवलं तर तुमचा राग, नाय कळवलं तर मला शिक्षा. मी तुमचा राग घेते.”

आणि त्यांनी कळवलं. काकाला अटक झाली. पण मुलीनं एकदाच सांगावं, आपल्या माणसाजवळ बसून सांगावं, असं कायदा म्हणत होता, आणि मुक्ताला ते ठाण्यात सांगावं लागलं, मग दुसऱ्या अधिकाऱ्याला, मग आणखी एका ठिकाणी. “तिनं किती जणांना सांगायचं?” मॅडम प्रत्येक ठिकाणी विचारायच्या. प्रत्येक ठिकाणी उत्तर यायचं, आमच्याकडं तर पहिल्यांदाच सांगतेय. काका जामिनावर सुटला आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आला. मुक्ताला जालन्याला मावशीकडं पाठवलं. मावशीला जड झालं तेव्हा ती परत आली, त्याच घरात. मॅडम बालकल्याण समितीकडं गेल्या, कलेक्टर कचेरीत गेल्या. सगळे त्यांना बसा म्हणायचे, चहा द्यायचे, मॅडम फार चांगलं काम करताय म्हणायचे. “मला चांगलं म्हणू नका हो,” त्या एकदा कडाडल्या. “काका उतरतो तो जिना बंद करा!”

खटला उभा राहीपर्यंत मुक्ता दहावीत गेली होती. तारखा पडायच्या. आम्ही दोघी साक्षीदार, बाकावर बसून परत यायचो. शेवटी तिची साक्ष झाली, बंद दाराआड. सरकारी वकील बाहेर आले आणि त्यांनी नुसते हात झटकले. आत मुलगी म्हणाली होती, मला काही आठवत नाही.

थोड्या वेळानं ती आईबरोबर आमच्यासमोरून गेली. उंच झाली होती. तिनं वर बघितलं नाही. आई मात्र जाताना एकदा थांबल्यासारखी झाली, आणि मग चालायला लागली.

मी रागानं म्हणाले, “खोटं बोलली पोरगी. एवढं करून.”

“खोटं?” मॅडम माझ्याकडं वळल्या. “संध्याकाळी तिला त्याच घरी जेवायला बसायचंय, वत्सला. खरं बोलून कुठं गेली असती ती? मी सांगितलं का तिला? तू सांगितलंस? कायद्यात लिहिलंय का कुठं?” आवाज चढला तशी कोर्टातली माणसं वळून बघायला लागली. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, “आपण तिला नुसतं बोलायला लावलं. राहायला जागा दिलीच नाय.”

निकाल काय लागला ते सांगायची गरज नाही.

त्यानंतर वर्षभरात मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात साहेबांनी त्यांना ‘ममतेचा सागर’ म्हटलं, आणि मॅडमनी शाल परत त्यांच्याच टेबलावर ठेवून दिली. घरी बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. शाळाशाळांतून जाऊन मुलांशी आणि पालकांशी बोलायला लागल्या. “मोडल्यावर जोडायला लई वर्षं बसले. आता मोडायच्या आधी जाऊन बघते,” म्हणायच्या. निम्म्या शाळा त्यांना दारातूनच परत पाठवायच्या. आमच्याकडं असं काही होत नाही, हे वाक्य त्यांना इतक्या वेळा ऐकावं लागलं की पुढं पुढं समोरच्यानं तोंड उघडलं की त्याच ते पुरं करायच्या.

शेवटी त्या पुण्याला लेकीकडं गेल्या आणि तिथंच वारल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या पुण्याला जायच्या आधी, दौलताबादजवळच्या एका शाळेत. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. बक्षीस वाटप आणि नाच यांच्या मधली थोडी जागा मॅडमना दिली होती. मुख्याध्यापक आधीच बाजूला घेऊन म्हणाले, “जरा सांभाळून बोला, मॅडम. गावातली मंडळी आलीत. ते शब्द तेवढे नकोत.”

“कुठले शब्द?”

मुख्याध्यापकांना ते उच्चारता येईनात.

“तुम्हाला नुसतं म्हणता येत नाय, गुरुजी. आणि पोरांनी सोसायचं?”

व्यासपीठावर त्या साधंच बोलल्या. “तुमच्या अंगाला कुणी हात लावला आणि तुम्हाला ते नको वाटलं, तर नको म्हणायचं. ओरडायचं, पळायचं, आणि कुणाला तरी सांगायचं. एकानं ऐकलं नाय तर दुसऱ्याला सांगायचं. मग तो माणूस मामा असो, काका असो, मास्तर असो...” मास्तर म्हटल्याबरोबर माइक बंद पडला. लाइट गेली, लाइट गेली, असं कुणीतरी म्हणालं. मांडवावरचे रंगीत दिवे तर लागलेले होते. मॅडमनी माइक खाली ठेवला आणि नुसत्या तोंडानं बोलायला सुरुवात केली. तेव्हा कर्ण्यावर नाचाचं गाणं लागलं.

त्या खाली उतरल्या तेव्हा चष्मा डोक्यावर गेलेला होता. “चल,” म्हणाल्या. एसटीची वेळ झाली होती. आम्ही मांडवामागून फाटकाकडं निघालो. तिथं पाण्याच्या टाकीपाशी नाचासाठी नटलेली एक मुलगी उभी होती. नऊवारी नेसवलेली, तोंडाला पावडर, ओठांना लाली. आमच्याकडं दोन पावलं आली, थांबली, पुन्हा टाकीमागं गेली. तिकडून बाई तिला नाचासाठी हाका मारत होत्या. ती हलली नाही.

मॅडमनी तिच्याकडं थेट बघितलं नाही. शाळेच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि शेजारी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. थोड्या वेळानं ती मुलगी आली आणि मध्ये थोडं अंतर ठेवून पायरीवर बसली.

मी थांबले होते. मॅडमनी माझ्याकडं न बघता हातानंच खूण केली, तू जा.

मी एसटीत चढले. खिडकीतून फाटकाच्या आत दिसत होतं. कर्णा मोठ्यानं वाजत होता, त्यामुळं ऐकू काही येत नव्हतं. मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या आणि त्या मुलीचे ओठ हलत होते.